पदवीविना शास्त्रज्ञ : जिवाणूंचा वैरी शोधणारे फेलिक्स देरेल

१९२७ साली पंजाबातील काही खेड्यांत पटकीची साथ पसरली होती. त्या गावांतून एक चोपन्न वर्षांचे फ्रेंच गृहस्थ आपल्या सहकाऱ्यांसह हिंडत होते. लहान कुप्यांतील एक द्रव ते रोग्यांना थोड्या पाण्यात मिसळून पाजत आणि काही ठिकाणी तोच द्रव गावच्या विहिरींत ओतवत. त्या द्रवात कोणतेही रसायन नव्हते किंवा वनस्पतीचा अर्कही नव्हता. पटकीच्या जिवाणूंना गाठून फोडणारे, त्या काळच्या कोणत्याही सूक्ष्मदर्शकातून न दिसणारे असंख्य सूक्ष्मकण त्यात होते. हे कण प्रथम प्रयोगशाळेत ओळखून त्यांना ‘बॅक्टेरिओफेज’, म्हणजे जिवाणूंना खाणारा, असे नाव देणारे ते गृहस्थ म्हणजे फेलिक्स देरेल. त्यांच्यापाशी वैद्यकाची पदवी नव्हती आणि जीवशास्त्राचीही नव्हती.

देरेल यांच्या चरित्रात पहिली अडचण जन्मापासूनच येते. आपण कॅनडातील मॉन्ट्रियलचे, असे ते जन्मभर सांगत आले आणि अनेक ग्रंथांतही तसेच छापले गेले. पुढे संशोधकांनी कागदपत्रे धुंडाळली तेव्हा २५ एप्रिल १८७३ रोजी पॅरिसमध्येच त्यांचा जन्म झाल्याचे आणि त्यांचे मूळ आडनाव हेरेन्स असल्याचे उघड झाले. त्यांचे शालेय शिक्षण पॅरिसमध्ये झाले. पुढच्या शिक्षणाऐवजी त्यांनी प्रवास पत्करला. वयाच्या विशीत मारी केअर या तरुणीशी त्यांचा विवाह झाला. मार्सेल आणि ह्युबर्त या दोन मुली त्यांना झाल्या.

कॅनडात गेल्यावर त्यांनी घरातच प्रयोगशाळा थाटली आणि पुस्तके वाचून सूक्ष्मजीवशास्त्र शिकून घेतले. भावासोबत चॉकलेटचा कारखाना काढला, तो बुडाला. मेपलच्या झाडाच्या गोड पाकापासून मद्य काढण्याचे प्रयोगही त्यांनी केले. पैसा संपत आला तेव्हा ग्वाटेमालातील सरकारी रुग्णालयात जिवाणुतज्ज्ञाची जागा मिळाली आणि कुटुंबाला घेऊन ते तिकडे निघाले. तेथे कॉफीच्या झाडांवरील बुरशीचा अभ्यास करायचा, केळ्यांपासून मद्य बनवायचे आणि रुग्णालयातील नमुनेही तपासायचे, असा त्यांचा दिनक्रम होता. पुढे मेक्सिकोत युकातान प्रांती वाख काढून उरलेल्या घायपाताच्या चोथ्यापासून मद्य काढण्याचे काम त्यांनी हाती घेतले. त्या कामाच्या यंत्रसामग्रीसाठी पॅरिसच्या फेऱ्या होऊ लागल्या आणि मोकळ्या वेळात पाश्चर संस्थेत ते बिनपगारी सहायक म्हणून राबू लागले. औपचारिक शिक्षणाची उणीव त्यांनी अशी हाताने भरून काढली.

त्यांचे नाव प्रथम झाले ते टोळांमुळे. १९१० च्या सुमारास युकातानमध्ये टोळधाड आली असता एका जागी टोळ मरून पडल्याचे त्यांना स्थानिकांकडून कळले. मेलेल्या टोळांच्या आतड्यातून त्यांनी एक जिवाणू वेगळा केला आणि तो वाढवून धाडीच्या वाटेवरच्या पिकांवर फवारला, तर निरोगी टोळांतही साथ पसरवता येईल असा विचार मांडला. अर्जेंटिनाने त्यांना बोलावले आणि नंतर उत्तर आफ्रिकेतही हे प्रयोग झाले. काही ठिकाणी यश आले, काही ठिकाणी आले नाही. वाद मात्र सगळीकडे झाले. आरंभी डोळे दिपवणारा निकाल आणि नंतर इतरांच्या हाती तो न येणे, हा क्रम त्यांच्या आयुष्यात पुढेही दिसेल.

या टोळांच्या जिवाणूंनीच त्यांना मोठ्या शोधाच्या दारी नेले. पोषक जेलीवर जिवाणूंचा दुधट थर वाढवला की त्यात कधी कधी दोन-तीन मिलिमीटर व्यासाचे, अगदी गोल आणि पारदर्शक ठिपके पडलेले दिसत. तेथे जिवाणू उरतच नसत. दुसऱ्या कोणी ती बशी बिघडली म्हणून फेकून दिली असती. देरेल यांनी ही गोष्ट मनात ठेवली.

पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या उन्हाळ्यात, पॅरिसजवळ मेझाँ-लाफित येथे घोडदळाच्या तुकडीत रक्ताच्या आवेची जोरदार साथ उद्भवली. देरेल तेव्हा पाश्चर संस्थेत होते आणि सैन्यासाठी लशींच्या लाखो मात्रा तयार करण्याच्या कामात पत्नी व मुलींसह गुंतले होते. साथीच्या तपासाचे काम त्यांच्याकडे आले. रोग्यांच्या विष्ठेचा अंश ते मांसरसात मिसळत, मग जिवाणू अडतील इतकी बारीक छिद्रे असलेल्या चिनी मातीच्या गाळणीतून गाळत आणि जिवाणुरहित झालेले ते गाळ आवेच्या जिवाणूंच्या ताज्या वाढीत टाकत. पुन्हा तेच पारदर्शक ठिपके दिसू लागले.

त्यानंतर पाश्चर संस्थेच्या रुग्णालयातील एका रोग्यावर त्यांनी दिवसामागून दिवस लक्ष ठेवले. रोज त्याच्या विष्ठेचे गाळ घ्यायचे, जिवाणूंच्या नळीत काही थेंब टाकायचे आणि नळी उबवणीपेटीत ठेवायची. बरेच दिवस नळीतील द्रव नेहमीसारखा गढूळच होई. एके सकाळी पाहावे तो आदल्या रात्रीची गढूळ नळी पाण्यासारखी नितळ झालेली! देरेल यांच्या मनात आले की नळीत घडले तेच रोग्याच्या आतड्यातही घडले असेल. ते रुग्णालयात धावले. रोग्याला रात्रीतच उतार पडला होता.

सप्टेंबर १९१७ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे त्यांचा छोटेखानी निबंध सादर झाला. आवेच्या जिवाणूंचा वैरी असलेला एक अदृश्य सूक्ष्मजीव आपल्याला सापडला आहे, तो गाळणीतून पार जातो, जिवंत जिवाणूंवाचून वाढत नाही आणि जिवाणूंवर परोपजीवी म्हणून जगतो, असे त्यांनी त्यात मांडले. आज आपण फेजला विषाणू म्हणतो. तो जिवाणूला चिकटतो, आपला आनुवंशिक ऐवज आत सोडतो, जिवाणूच्याच यंत्रणेकडून आपल्या अनेक प्रती करवून घेतो आणि शेवटी त्याला फोडून बाहेर पडतो. फुटलेल्या एकातून निघालेले फेज शेजारच्या जिवाणूंना गाठतात. जिवाणू आहेत तोवर ही संख्या वाढत राहते आणि ते संपले की थांबते. माणसाच्या पेशींना मात्र तो हात लावत नाही. यातील तपशील तेव्हा कोणालाही ठाऊक नव्हता, पण फेज एकेक कण असतो आणि तो जिवाणूच्या आत वाढतो, एवढे देरेल यांनी केवळ ठिपके मोजून ओळखले.

या शोधाचा पहिला मान कोणाचा, यावरून पुढे बरेच रण माजले. इंग्लंडच्या फ्रेडरिक ट्वोर्ट यांनी १९१५ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये असाच प्रकार नोंदवला होता. कारण विषाणू असेल किंवा जिवाणूने स्वतःच तयार केलेले एखादे विकर असेल, असे म्हणून ते थांबले होते. नोबेलविजेते बेल्जियन शास्त्रज्ञ ज्यूल बोर्दे आणि त्यांचे सहकारी यांनी ट्वोर्ट यांचा निबंध वर काढला आणि देरेल यांच्याविरुद्ध आघाडी उघडली. फेज जिवंत नाहीच, ते विकर आहे, असा त्यांचा पक्ष होता. देरेल यांच्या स्वभावात माघार नव्हती. माणूस आजारातून बरा होतो तो मुख्यतः फेजमुळे, साथ ओसरते तीही फेज माणसांमाणसांत पसरल्यामुळे, असे सांगून त्यांनी रक्तातील प्रतिद्रव्यांवर आयुष्य वाहिलेल्या सगळ्या मंडळींना दुखावले. शिवाय फेजची जात एकच आहे, असा त्यांचा आग्रह होता आणि तो साफ चुकीचा ठरला.

त्यांना मात्र वादापेक्षा उपचाराची घाई होती. १९१९ मध्ये फ्रान्समधील कोंबड्यांच्या विषमज्वरावर त्यांनी फेज वापरून पाहिले. त्याच वर्षी पॅरिसच्या मुलांच्या रुग्णालयात रक्ताच्या आवेने गळून गेलेला बारा वर्षांचा एक मुलगा आला. रुग्णालयातील प्राध्यापक युतिनेल यांनी परवानगी दिली, पण मुलाला देण्याआधी देरेल, स्वतः युतिनेल आणि काही निवासी डॉक्टर यांनी तो द्रव पिऊन पाहिला. दुसऱ्या दिवशी कोणालाही काही झाले नाही, तेव्हा मुलाला एक मात्रा दिली गेली आणि त्याचा आजार हटला. थोड्याच दिवसांत तीन भावंडे दाखल झाली. त्यांची बहीण त्याच रोगाने घरी दगावली होती. तिघेही एकेका मात्रेने चोवीस तासांत सुधारू लागले.

मग ते इंडोचीनला गेले आणि म्हशींच्या घटसर्पावर काम केले. परत येतात तो पाश्चर संस्थेतील त्यांची जागा गेलेली होती. संस्थेचे उपसंचालक, क्षयाच्या बीसीजी लशीचे एक जनक आल्बेर काल्मेत यांच्याशी त्यांचे बिनसले होते. एका सहकाऱ्याने आपल्या प्रयोगशाळेत त्यांना बसायला एक स्टूल दिले. बॅक्टेरिओफेजवरील त्यांचे पहिले पुस्तक १९२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर हॉलंडमधील लायडनने त्यांना जागा आणि मानद डॉक्टरेट दिली. १९२५ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या अकादमीचे लेव्हेनहूक पदक त्यांना मिळाले. हे पदक दहा वर्षांतून एकदा दिले जात असे आणि १८९५ मध्ये ते लुई पाश्चर यांना मिळाले होते. नोबेलसाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले, पण पारितोषिक कधी मिळाले नाही.

त्यानंतर इजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या आरोग्य व क्वारंटाइन मंडळात ते जिवाणुतज्ज्ञ म्हणून गेले. १९२५ मध्ये सुएझ कालव्यातून जाणाऱ्या एका जहाजावर प्लेगचे चार रोगी निघाले. देरेल यांनी चौघांच्याही प्लेगच्या गाठींत थेट प्लेगच्या फेजची सुई टोचली. चौघेही वाचले. प्लेगच्या रोग्यापाशी डॉक्टरने करण्यासारखे फारसे काही नव्हते, असा तो काळ होता. ही वार्ता प्रसिद्ध होताच ब्रिटिश सरकारने त्यांना हिंदुस्थानात पाचारण केले.

१९२६ मध्ये ते मुंबईत आले ते परळच्या हाफकिन संस्थेत. १८९६ च्या प्लेगने मुंबई-पुण्यासह सगळा मुलूख हादरवल्यानंतर उभी राहिलेली ही प्रयोगशाळा. हाफकिन यांचे नाव तिला नुकतेच, १९२५ मध्ये, दिले गेले होते. ज्या शहराला प्लेगची एवढी झळ लागली, तेथे या नव्या उपायाबद्दल उत्सुकता असणे साहजिक होते. हिंदुस्थानच्या भूमीचे फेजशी त्याहूनही जुने नाते होते. १८९६ मध्येच आग्र्याच्या सरकारी प्रयोगशाळेतील अर्नेस्ट हँकिन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जिवाणू झपाट्याने मरतात आणि पाणी उकळले की हा गुण जातो, असे नोंदवले होते. तो फेजचाच प्रताप असावा, असे आज अनेकजण मानतात. पण निव्वळ त्या नोंदीवरून तसे ठामपणे म्हणणे घाईचे होईल आणि नद्यांच्या आजच्या पाण्याबद्दल त्यातून काही निष्कर्ष काढणे तर त्याहून चुकीचे.

पुढच्या वर्षी लक्ष प्लेगकडून पटकीकडे वळले. मेजर मलोन आणि डॉ. लाहिरी हे देरेल यांच्या जोडीला होते. पंजाबातील आकडे असे आले : फेज मिळालेल्या ७४ रोग्यांपैकी ५ दगावले, न मिळालेल्या १२४ पैकी ७८. म्हणजे एका बाजूला शेकडा सात आणि दुसऱ्या बाजूला शेकडा त्रेसष्ट मृत्यू. विहिरींत फेज ओतलेल्या गावांतही साथ लवकर आटोक्यात आल्याचे त्यांनी नोंदवले.

हे आकडे वाचून कोणाचेही मन हलेल, आणि येथेच थांबून त्यांकडे थंडपणे पाहायला हवे. फेज कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते. उपचार स्वीकारणारे आणि न स्वीकारणारे, लवकर सापडलेले आणि उशिरा सापडलेले, यांत मुळातच फरक असू शकतो. शिवाय पटकीची साथ चढते तशी आपोआप उतरतेही. विहिरीत काहीही न ओतता ती ओसरलेली गावे कितीतरी असत.

सरकारने या शंका मिटवण्यासाठी १९२७ पासून जवळजवळ दशकभर ‘बॅक्टेरिओफेज चौकशी’ चालवली. पाटण्यात इगोर अशेशोव्ह यांनी, तर आसामात ले. कर्नल मॉरिसन यांनी ते काम नेटाने पुढे नेले. मॉरिसन यांची मांडणी देरेल यांच्याहून पद्धतशीर होती. नौगाव भागात फेजच्या कुप्या गावोगाव वाटायच्या आणि हबीगंज भागात न वाटता तुलना करायची, असा तो बेत होता. नौगावात काही वर्षे मोठी साथ आली नाही. मग हबीगंजच्या लोकांनीही फेजची मागणी केली आणि तुलनेसाठी राखलेला भागच उरला नाही. माणसांची मागणी रास्त होती. शास्त्राचा पुरावा मात्र अर्धवट राहिला, आणि १९३६ नंतर ही चौकशी मिटली.

देरेल तोवर अमेरिकेत होते. १९२८ मध्ये येल विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद दिले. पदवी नसलेल्या माणसासाठी हा मोठाच सन्मान होता. पण पॅरिसमध्ये त्यांनी फेजची औषधे बनवणारी प्रयोगशाळा काढली होती, तिचा ओढा सुटत नव्हता. येलशी खटके उडाले आणि १९३३ मध्ये त्यांनी ती जागा सोडली. एव्हाना युरोप-अमेरिकेतील अनेक कंपन्या फेजच्या बाटल्या विकू लागल्या होत्या. फेज नेमक्या जिवाणूलाच मारतो, त्यामुळे रोग्याच्या जिवाणूवर आधी त्याची चाचणी घ्यायला हवी, असे देरेल सतत बजावत. विक्रेत्यांना तेवढा धीर नव्हता. टिकाऊपणासाठी काही बाटल्यांत घातलेली द्रव्ये फेजलाच मारत. अशा बाटलीतून गुण येणार कसा?

१९३४ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात ईटन आणि बेन-जोन्स यांचा परीक्षण-अहवाल आला. शंभराहून अधिक निबंध तपासून, थोडे अपवाद वगळता फेज-उपचाराचा पुरावा पटण्यासारखा नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. प्रयोगांच्या कच्चेपणावरचे त्यांचे बोट योग्य जागी होते. मात्र त्याच अहवालात फेज सजीव नसून विकर असल्याचेही त्यांनी मान्य केले होते. अवघ्या सहा वर्षांत, १९४० मध्ये, जर्मनीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फेजचे कण दिसले. देरेल यांना निसर्ग कळला होता, पुरावा जमवणे जमले नाही. त्यांच्या टीकाकारांना पुरावा पारखता आला, निसर्ग ओळखता आला नाही. या दोन उणिवांची किंमत फेज-उपचाराने अनेक दशके मोजली.

त्यांना मनासारखी जागा मिळाली ती जॉर्जियात. पाश्चर संस्थेत त्यांच्यापाशी काम केलेले गिओर्गी एलियावा यांनी तिबिलिसीत १९२३ मध्ये जिवाणुशास्त्राची संस्था उभारली होती. १९३३ ते १९३५ या काळात देरेल तेथे दोनदा राहून आले. फेज आणि रोगमुक्ती यांवरील त्यांचे पुस्तक एलियावांनी रशियनमध्ये आणले आणि ते १९३५ मध्ये तिबिलिसीत निघाले. देरेल यांनी ते स्टालिनला अर्पण केले होते. नफ्यासाठी औषध विकणारी व्यवस्था पाहून विटलेल्या माणसाला सोव्हिएत राज्य आशेचे वाटले, हे समजू शकते. पण तो भ्रम फार महागात पडला. संस्थेच्या आवारात देरेल यांच्यासाठी बंगला बांधला जात होता. १९३७ मध्ये एलियावा यांना जनतेचा शत्रू ठरवून गोळी घालण्यात आली. त्यांच्या पत्नी, ऑपेरा गायिका अमेलिया, यांचाही तसाच शेवट झाला. देरेल पुन्हा तिकडे गेले नाहीत. त्यांच्यासाठीचा बंगला गुप्त पोलिसांच्या ताब्यात गेला.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी त्यांना फ्रान्समधील विशी येथे नजरकैदेत ठेवले. त्या दिवसांत त्यांनी आपल्या भटकंतीच्या आठवणी लिहून काढल्या. युद्ध संपेपर्यंत पेनिसिलिन आले होते. कोणता जिवाणू आहे हे न तपासताही देता येणारे, साठवायला सोपे असलेले औषध हाती आल्यावर पश्चिमेत फेजची आठवण कोणाला राहणार? प्रयोगशाळेत मात्र फेजचे दिवस तेव्हाच सुरू होत होते. त्याच ठिपक्यांची मोजदाद करून डेलब्रुक, लुरिया आणि हर्शी यांनी आनुवंशिकतेची कोडी उलगडली आणि १९६९ मध्ये नोबेल मिळवले.

ज्या पाश्चर संस्थेने एकेकाळी एका स्टुलावर त्यांची बोळवण केली होती, तिने १९४७ मध्ये शोधाच्या तिसाव्या वर्षानिमित्त त्यांना व्याख्यानासाठी बोलावले. २२ फेब्रुवारी १९४९ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. फ्रान्सच्या ओब प्रांतातील सें-मार-आन-ओत या गावी त्यांचे दफन झाले. तिबिलिसीतील संस्था आज एलियावांच्या नावाने चालते. प्रतिजैविकांना दाद न देणारे संसर्ग जडलेले रोगी देशोदेशींहून तेथे येतात. त्यांच्या जिवाणूवर आधी फेजची चाचणी होते आणि जुळला तरच तो दिला जातो. देरेल सांगत होते, अगदी त्याच रीतीने.